मिश्र वर्गातली सुवार्ता : दक्षिण आफ्रिकेतील सेमिनरी आणि संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञान

सुवार्ताप्रसार आणि संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञान हे दोन विषय बहुतेक सेमिनरींच्या वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. पहिला व्यावहारिक समजला जातो. उपदेश कसा तयार करावा, घरभेटीत काय बोलावे, नव्याने विश्वासात आलेल्यांना मंडळीत कसे सामावून घ्यावे, हा त्याचा अभ्यासक्रम. दुसरा वैचारिक समजला जातो. ज्या समाजात, ज्या काळात आणि ज्या सत्तेखाली माणसे जगत आहेत, तिथून पवित्र शास्त्र वाचले तर काय दिसते, हा त्याचा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेत ही वाटणी टिकली नाही. सांगणारा गोरा, ऐकणारा काळा आणि दोघांनी कुठे राहायचे, कुठे शिकायचे हे ठरवणारा कायदा, अशी स्थिती असताना सुवार्ता सांगण्याची पद्धत आणि समाजाचा विचार निरनिराळ्या वह्यांत लिहिणे शक्यच नव्हते. म्हणूनच वेगवेगळ्या वंशांचे विद्यार्थी एका वर्गात बसतात तेव्हा हे विषय कसे शिकवायचे, याचा अभ्यास करणाऱ्याला दक्षिण आफ्रिका टाळता येत नाही.

या अभ्यासात पहिलीच अडचण अनपेक्षित ठिकाणी येते. संदर्भाचा आदर करणे ही उदार, पुरोगामी भूमिका आहे असे आज सहज मानले जाते. दक्षिण आफ्रिकेत मात्र हा युक्तिवाद आधी वापरला तो वेगळे करणाऱ्यांनी. प्रामुख्याने गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या १८५७च्या सिनडपुढे, म्हणजे महासभेपुढे, प्रश्न होता, कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय विश्वासणाऱ्यांनी गोऱ्यांबरोबर एकत्र उपासना करावी का. एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे, हे सिनडने मान्य केले. पण काहींच्या दुर्बलतेमुळे त्यात अडथळा येत असेल तर वेगळ्या इमारतीत उपासना करायला हरकत नाही, अशी सवलतही दिली. दुर्बल कोण, हे त्या सभेत कोणाला विचारावे लागले नाही. ही सवलत पुढे रिवाज झाली आणि १८८१मध्ये मिश्रवर्णीयांसाठी स्वतंत्र 'मिशन चर्च' उभे राहिले. नंतर आफ्रिकी आणि भारतीय लोकांसाठीही वेगवेगळी चर्चेस झाली.

या रिवाजाला सिद्धान्ताचा आधार मिळाला तो जर्मनीतून. मिशनशास्त्राचे अभ्यासक गुस्ताव वार्नेक यांनी अशी मांडणी केली होती की मिशनचे काम सुट्या व्यक्तींना नव्हे, तर अख्ख्या लोकसमूहाला ख्रिस्ती करण्याचे आहे. समूहाची भाषा, चालीरीती आणि नातेसंबंध जपत चर्च वाढावे, असा त्यांचा आग्रह होता. विचार म्हणून यात पुष्कळ तथ्य आहे. पण दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या ईश्वरविज्ञान्यांच्या हाती तो पडला तेव्हा प्रत्येक लोकसमूहाला त्याचे चर्च, मग त्याची शाळा आणि शेवटी त्याचा प्रदेश, अशी त्याची वाट लागली. १९७४मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चने वंश आणि राष्ट्र यांविषयी जो अहवाल मंजूर केला, त्यात बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीवर भिस्त होती. देवानेच भाषा वेगळ्या केल्या, तेव्हा विविधता हा त्याचा हेतू आहे, असे वाचन. प्रेषितांच्या कृत्यांतल्या पेंटेकॉस्टच्या प्रसंगाचाही तसाच उपयोग झाला: प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, म्हणून प्रत्येकाचे चर्च आपापले. ते सगळे एकाच जागी उभे राहून ऐकत होते, ही त्याच उताऱ्यातली गोष्ट अहवाल लिहिणाऱ्यांना अडली नाही. हा इतिहास ठाऊक असलेल्या शिक्षकाच्या वर्गात कोणी 'आमचा संदर्भ' म्हणाला, की तो कोणी ठरवला आणि त्यातून कोणाला बाहेर ठेवले, हे लगोलग विचारावे लागते. या विषयाच्या अध्यापनातली मुख्य गोष्ट हीच. बाकीचे तंत्र यानंतर येते.

दुसऱ्या बाजूचा धागा तैवानपर्यंत जातो. ताइनानच्या थिऑलॉजिकल कॉलेजचे माजी प्राचार्य शोकी को हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला थिऑलॉजिकल एज्युकेशन फंडाचे संचालक होते. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या सेमिनरींना बळ देण्यासाठी १९५८मध्ये हा निधी स्थापन झाला होता. १९७२मध्ये या निधीच्या कामातून संदर्भीकरणाची कल्पना पुढे आली. त्याआधी देशीकरणाचा बोलबाला होता. देशीकरण परंपरेकडे बघते. आपल्या लोकांच्या चालीत भजन, आपल्या लोकांच्या रीतीने उपासना. मराठी वाचकाला नारायण वामन टिळकांचे अभंग आणि ख्रिस्ती कीर्तन आठवले तर ते योग्यच आहे, कारण देशीकरणाचे इतके कसदार उदाहरण फार थोड्या भाषांत सापडते. को यांचे म्हणणे होते की एवढ्यावर थांबता येत नाही. आशिया-आफ्रिकेतले समाज वेगाने बदलत आहेत. कारखाने, शहरे, नवी राज्ये, नव्या हुकूमशाह्या आल्या आहेत. परंपरेबरोबर या घडामोडींनाही ईश्वरविज्ञानाने भिडले पाहिजे. स्वतः को यांच्या मागे जपानी वसाहत आणि नंतरची चिनी राष्ट्रवाद्यांची राजवट, असा दुहेरी अनुभव होता. परंपरेचा गौरव सत्ताधाऱ्यांनाही सोयीचा असतो, हे त्यांना वेगळे शिकावे लागले नसावे.

याच निधीच्या कचेरीत १९७२ ते १९७५ या काळात आफ्रिकेचे काम पाहणारे सहायक संचालक होते डेस्मंड टुटू. आफ्रिकाभरच्या सेमिनरी पाहत ते हिंडले. त्याआधी ते स्वतः ज्या सेमिनरीत शिकवत होते, तिची कथा जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

फेडरल थिऑलॉजिकल सेमिनरी, बोलण्यात 'फेडसेम', १९६३मध्ये ईस्टर्न केपमधल्या अॅलिस या लहानशा गावी सुरू झाली. ती सुरू होण्यामागे एकोप्याची ओढ होती, पण कायद्याचा रेटा त्याहून मोठा होता. १९५०च्या ग्रुप एरियाज अॅक्टने कोणत्या वंशाने कुठे राहायचे हे ठरवले. १९५३च्या बांटू एज्युकेशन अॅक्टने मिशनच्या शाळा सरकारच्या ताब्यात नेल्या. १९५९च्या कायद्याने खुल्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद केली. जोहान्सबर्गमधल्या रोझेटनव्हिल भागातले अँग्लिकनांचे सेंट पीटर्स कॉलेज, जिथे टुटू शिकले होते, ते 'गोऱ्यांच्या' वस्तीत पडले आणि तिथे राहणे अशक्य झाले. अशा हुसकलेल्या संस्थांनी एकत्र यायचे ठरवले. अँग्लिकनांचे सेंट पीटर्स, मेथडिस्टांचे जॉन वेस्ली, प्रेस्बिटेरियनांचे सेंट कोलंबा आणि काँग्रिगेशनल परंपरेचे अॅडम्स युनायटेड अशी चार कॉलेजे एका आवारात आली. राहणे आणि प्रार्थना आपापल्या कॉलेजात, शिकणे एकत्र. या उभारणीला थिऑलॉजिकल एज्युकेशन फंडाने पैशाचे बळ दिले.

यातल्या अॅडम्सचा धागा महाराष्ट्रालाही जोडलेला आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३मध्ये मुंबईत मिशनरी पाठवले, ज्याचे काम पुढे अहमदनगरला 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणून रुजले, त्याच बोर्डाने १८३५मध्ये डॉ. न्यूटन अॅडम्स आणि त्यांच्या सोबत्यांना नातालमध्ये पाठवले. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे सूत्र दोन्हीकडे एकच होते: स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ताही स्वतः पसरवावी. कागदावर हे सूत्र निर्दोष आहे. प्रत्यक्षात ते अमलात कधी आणायचे हे मिशनरींनीच ठरवायचे, आणि ती वेळ लवकर येत नसे.

फेडसेमच्या शेजारीच फोर्ट हेअर विद्यापीठ होते. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेतून नेल्सन मंडेला, ऑलिव्हर टॅम्बो, रॉबर्ट सोबुक्वे शिकून गेले होते. १९६०पासून ती सरकारच्या हाती गेली. कुंपणाच्या एका बाजूला सरकारी विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला चर्चची मोकळी सेमिनरी. विद्यापीठात जे बोलता येत नसे ते बोलायला विद्यार्थी सेमिनरीत येत. टुटू १९६७ ते १९६९ या काळात सेंट पीटर्समध्ये शिकवत होते आणि फोर्ट हेअरमध्ये अँग्लिकन विद्यार्थ्यांचे चॅपलनही होते. १९६८मध्ये फोर्ट हेअरच्या आंदोलक विद्यार्थ्यांना पोलिसांनी कुत्र्यांसह वेढले, तेव्हा टुटू त्या वेढ्यात शिरून विद्यार्थ्यांमध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना केली. हे शिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमपत्रिकेत नोंदलेले नव्हते.

सरकारने हा शेजार फार काळ सहन केला नाही. १९७४च्या अखेरीस विद्यापीठाच्या विस्तारासाठी जमीन हवी असे कारण देऊन सेमिनरीची जागा ताब्यात घेण्यात आली. विद्यार्थी आणि शिक्षक उमटाटाला गेले. तिथेही त्यांना टिकू दिले नाही. मग पीटरमारित्सबर्गजवळच्या एडेनडेल इथल्या एका ख्रिस्ती केंद्रात तात्पुरती सोय झाली आणि १९८०च्या सुमारास इंबाली या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत नवे आवार उभे राहिले. हेच ते पीटरमारित्सबर्ग, जिथल्या स्थानकावर ७ जून १८९३च्या रात्री मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवले गेले. १९८०च्या दशकात इंबाली आणि एडेनडेल खोरे झुलू राष्ट्रवादी इंकाथा आणि वर्णभेदविरोधी युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट यांच्या समर्थकांतल्या रक्तपाताने होरपळले. १९९०च्या मार्चमध्ये तिथे 'सात दिवसांचे युद्ध' म्हणून ओळखली जाणारी हिंसा झाली. सुवार्ताप्रसाराच्या तासाला शेजारच्या गल्लीत जायचे म्हणजे काय, याचा अर्थ इथे पुस्तकातून समजून घेण्याची गरज राहिली नव्हती.

याच एडेनडेलच्या केंद्रात, फेडसेम तिथे येण्याच्या काही वर्षे आधी, १९७२च्या मे महिन्यात कृष्णवर्णीय पाळकांची एक परिषद भरली होती. तिथे कृष्णवर्णीय जाणीव चळवळीचे तरुण नेते स्टीव्ह बिको बोलले. ते वैद्यकीचे विद्यार्थी, पाळक नव्हेत, आणि आपण साधा विश्वासणारा म्हणूनच बोलतो आहोत हे त्यांनी आपल्या निबंधाच्या नावातच सांगितले होते. त्यांची तक्रार नेमकी सुवार्तेच्या भाषेविषयी होती. दर रविवारी पाळक वस्तीतल्या लोकांना चोरी, दारू, व्यभिचार यांबद्दल दोष देतात. पण या गोष्टींचा गरिबी, बेकारी, कोंदट घरे यांच्याशी संबंध जोडत नाहीत. परिणामी लोकांना आपण स्वभावतःच पापी आहोत असे वाटू लागते, आणि ज्याने ही परिस्थिती घडवली तो निर्दोष सुटतो. सुवार्ताप्रसार शिकवणाऱ्याला ही तक्रार झटकता येत नाही. सुवार्तेच्या जवळजवळ प्रत्येक मांडणीची सुरुवात पापापासून होते. पाप म्हणजे काय, हे एका बाजूने ठरले की पुढची सगळी मांडणी त्याच बाजूला कलते.

बिकोंच्या मागे एक घडण होती. १९६७मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सिटी ख्रिश्चन मूव्हमेंटने अमेरिकेतल्या जेम्स कोन यांच्या कृष्णवर्णीय ईश्वरविज्ञानाची चर्चा दक्षिण आफ्रिकेत सुरू केली. १९७१मध्ये या विषयावर चर्चासत्रे झाली आणि १९७२मध्ये त्यातले निबंध पुस्तकरूपाने आले. सरकारने त्यावर बंदी घातली, पण सेमिनरीत ते हस्ते-परहस्ते पोहोचले. कोन यांचे म्हणणे थोडक्यात असे की देव दडपलेल्यांच्या बाजूचा आहे, तटस्थ नाही, आणि अमेरिकेत दडपलेला काळा आहे. दक्षिण आफ्रिकेत ते जसेच्या तसे लागू पडत नव्हते. इथे कृष्णवर्णीय अल्पसंख्य नव्हते, बहुसंख्य होते, आणि आफ्रिकी संस्कृती, पूर्वज, भाषा हे सगळे जिवंत होते. म्हणून फेडसेमसारख्या ठिकाणी नवा वाद उभा राहिला. एक बाजू आफ्रिकी परंपरेचे ईश्वरविज्ञान मांडणाऱ्यांची, दुसरी वर्ण आणि सत्ता यांवर बोट ठेवणाऱ्यांची. पूर्वजांविषयी ख्रिस्ती माणसाने काय मानावे यावर तास चालत असताना बाहेर पासबुक, म्हणजे कृष्णवर्णीयांना सक्तीने बाळगावा लागणारा परवाना, तपासणारे पोलीस उभे असत. कोणता प्रश्न आधी, हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. या लेखकाच्या मते तो मिटवण्याची घाई शिक्षकाने करू नये.

सुवार्ताप्रसाराचा अभ्यास मिशनशास्त्रात सर्वांत नेटका मांडला तो डेव्हिड बॉश यांनी. ते गोऱ्या आफ्रिकानर घरातले. १९५७पासून ट्रान्सकायमध्ये मिशनरी, नंतर डेकोलिनी इथल्या ईश्वरविज्ञान शाळेत शिक्षक, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रिटोरियाच्या युनिसा विद्यापीठात मिशनशास्त्राचे प्राध्यापक. मिशन हे व्यापक आहे आणि सुवार्ताप्रसार त्याचा गाभ्याचा भाग आहे, पण दोन्ही एक नव्हेत, हा त्यांचा मुद्दा आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत सापडतो. १९९१चे त्यांचे 'ट्रान्सफॉर्मिंग मिशन' हे पुस्तक मिशनच्या इतिहासातले प्रत्येक युग आपल्याच चष्म्यातून सुवार्ता कशी वाचत आले हे दाखवते. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. बॉश यांनी वार्नेकचा धागा वर्णभेदापर्यंत कसा पोहोचला हे उघड करून दाखवले. आणि त्याच कारणाने ते चर्च-वाढीच्या अमेरिकी सिद्धान्ताविषयी सावध होते.

तो सिद्धान्त डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा, आणि त्याचे मूळ मध्य भारतात आहे. मॅकगॅव्हरन १८९७मध्ये दमोहला जन्मले आणि त्यांचे मिशनचे कामही जुन्या मध्य प्रांतातच झाले. जातीच्या जाती एकत्र ख्रिस्ती होतात हे त्यांनी पाहिले होते. वास्कम पिकेट यांनी १९३३मध्ये प्रसिद्ध केलेला सामूहिक धर्मांतरांचा अभ्यासही त्यांच्यासमोर होता. त्यातून १९५५च्या पुस्तकापासून त्यांनी मांडत नेले की माणसे जात, भाषा, वर्ग यांच्या सीमा न ओलांडता ख्रिस्ती व्हायला तयार होतात, तेव्हा चर्चने त्या सीमा आधी ओलांडायला लावू नये. निरीक्षण म्हणून हे खरे आहे, याची साक्ष नगर-जालन्याकडच्या मंडळ्यांचा इतिहासही देईल. वाद आहे तो निरीक्षणाचे धोरण करण्याबद्दल. दक्षिण आफ्रिकेतल्या मिश्र वर्गात हा सिद्धान्त शिकवायचा तर त्याचे शेजारचे उदाहरण म्हणून १८५७चा ठराव आपोआपच समोर येतो. एका विद्यार्थ्याला त्यात गाव-वस्तीत काम करण्याची उपयोगी युक्ती दिसते, दुसऱ्याला आपल्या आजोबांना मागच्या दाराजवळ बसवणारे चर्च. दोघेही बरोबर असू शकतात. शिक्षकाने दोघांना एकाच वेळी बोलू दिले नाही, तर तास फक्त एकाचा होतो.

गोऱ्यांच्या बाजूनेही हालचाल होत होती. १९७३च्या मार्चमध्ये डर्बनला मिशन आणि सुवार्ताप्रसार यांवर मोठी परिषद भरली. तिच्या आयोजनात मायकेल कॅसिडी यांची आफ्रिकन एंटरप्राइज ही संस्था पुढे होती. त्याच वेळी किंग्ज पार्क मैदानावर बिली ग्रॅहॅम यांची सभा झाली, आणि तिला हजारोंच्या संख्येने सर्व वंशांचे लोक एकत्र बसले. त्या काळात हे दृश्य लहानसहान नव्हते. पण एका दुपारी एकत्र बसलेले लोक संध्याकाळी कायद्याने आखलेल्या आपापल्या वस्त्यांत परतले, ही टीकाही तितकीच खरी. १९८५च्या सप्टेंबरमध्ये, आणीबाणी जाहीर झाल्यानंतर दोन महिन्यांनी, सोवेटोच्या आसपासच्या पाळकांनी आणि ईश्वरविज्ञान्यांनी 'कैरॉस' निवेदन काढले. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या आधारे सरकारला पाठिंबा देणारे ते 'राज्याचे ईश्वरविज्ञान'. न्यायाशिवाय समेटाची भाषा करणारे ते 'चर्चचे ईश्वरविज्ञान'. आणि दडपलेल्यांच्या बाजूने उभे राहणारे ते 'संदेष्ट्यांचे ईश्वरविज्ञान', अशी त्याची विभागणी होती. पुढच्या वर्षी सोवेटोतल्याच इव्हँजेलिकलांनी आपल्याच परंपरेची परखड तपासणी करणारे निवेदन काढले. कैरॉसपेक्षा ते कमी गाजले. सेमिनरीच्या दृष्टीने मात्र ते जास्त मोलाचे आहे. सुवार्ता सांगणे सोडा असे ते म्हणत नाही. आपण सांगतो ती सुवार्ता वस्तीतल्या माणसाला निमूट राहायला शिकवते का, हे ते स्वतःलाच विचारते.

या सगळ्या वादात एक गट बहुतेक पुस्तकांत उशिरा येतो, आणि प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिकेतली सर्वाधिक सुवार्ता त्यानेच पसरवली. मिशनरींच्या चर्चमधून बाहेर पडून १८९२मध्ये मँगेना मोकोने यांनी इथिओपियन चर्च स्थापले. पुढे झायन परंपरेतली, रोगमुक्ती आणि संदेष्ट्यांवर विश्वास असलेली शेकडो स्वतंत्र आफ्रिकी चर्चेस वाढली. बेंग्ट सुंडक्लर यांनी १९४८मध्ये त्यांचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. यांचे बहुसंख्य उपदेशक सेमिनरीत कधी शिकले नाहीत. जुन्या चर्चमध्येही खरे काम 'मन्यानो' या स्त्रियांच्या प्रार्थनासंघांनी केले. मेथडिस्ट मन्यानोच्या स्त्रिया लाल ब्लाउज, काळा परकर आणि पांढरी टोपी घालून गुरुवारी जमतात, कारण घरकामाला जाणाऱ्या मोलकरणींना तीच दुपार मोकळी मिळे. साक्ष देणे, रडणे, गाणे, एकमेकींच्या घरी जाणे हे सगळे त्यात असते. सुवार्ताप्रसाराचा अभ्यासक्रम लिहिताना यांना 'परिशिष्ट' मानणारी सेमिनरी संदर्भनिष्ठ असल्याचा दावा करू शकत नाही.

वर्णभेद कायद्याने संपू लागला तसा वर्गाचा चेहरामोहरा बदलला. फेडसेम स्वतः हे पाहायला उरली नाही. पैशाची चणचण आणि सहभागी चर्चेसनी काढून घेतलेला पाठिंबा यांमुळे ती १९९३मध्ये बंद पडली. ज्या फाळणीने तिला जन्म दिला तीच संपत आल्यावर तिची गरज चर्चेसना उरली नाही, असेही म्हणता येईल. त्याच वर्षी ग्रॅहॅम्सटाउनला अँग्लिकनांनी, पूर्वी गोऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेले सेंट पॉल्स आणि उमटाटाचे सेंट बीड्स यांना एकत्र करून, कॉलेज ऑफ द ट्रान्सफिग्युरेशन सुरू केले. १९९४च्या एप्रिलमध्ये मिश्रवर्णीय आणि आफ्रिकी रिफॉर्म्ड चर्चेस एकत्र येऊन युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च झाले, आणि २०००च्या सुमारास त्याचे विद्यार्थी स्टेलनबॉशच्या ईश्वरविज्ञान विद्याशाखेत शिकू लागले. १८५९मध्ये सुरू झालेली ही संस्था गोऱ्या डच रिफॉर्म्ड पाळकांची पिढ्यान्‌पिढ्यांची शाळा होती. आता दोन चर्चेसचे विद्यार्थी एकाच इमारतीत, बऱ्याच अंशी तेच विषय शिकतात आणि दीक्षा मात्र दोन वेगळ्या चर्चमध्ये घेतात. १९८२मध्ये मांडलेला आणि १९८६मध्ये मिशन चर्चने स्वीकारलेला, चर्चच्या एकतेचा आणि न्यायाचा आग्रह धरणारा बेलहार विश्वासकबुलीनामा युनायटिंग चर्चसाठी पायाभूत आहे. डच रिफॉर्म्ड चर्चला तो आपल्या घटनेत आणायला पुरेशी मते अजून मिळालेली नाहीत.

अशा वर्गात रोजचा तास कसा चालतो, हे पाहिले तर अडचणी तत्त्वांपेक्षा तपशिलात दिसतात. शिकवण्याची भाषा इंग्रजी. ज्याने घरी आफ्रिकान्स किंवा इंग्रजी ऐकली तो पहिला हात वर करतो. ज्याच्या घरी कोसा किंवा झुलू, तो मनात भाषांतर करेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. त्याच्या गप्प राहण्याला शिक्षक संमती समजतो. वाचनयादीत जर्मन आणि अमेरिकी नावे, आणि आफ्रिकी लेखक 'संदर्भ' या एकाच आठवड्यात कोंबलेले. गोऱ्या विद्यार्थ्याला वाटते की संदर्भ इतरांना असतो, आपल्याला फक्त ईश्वरविज्ञान असते. स्टीव्हन बेव्हन्स यांनी १९९२च्या पुस्तकात भाषांतर, मानवशास्त्र, कृती वगैरे नमुन्यांत संदर्भनिष्ठ ईश्वरविज्ञानाची जी वर्गवारी केली, ती परीक्षेसाठी सोयीची आहे. मिश्र वर्गात ती पहिल्याच महिन्यात तोकडी पडते. कोणता नमुना निवडायचा यापेक्षा निवडणारा कुठे उभा आहे, हा प्रश्न पुढे येतो.

यावरचा एक व्यवहारी मार्ग पीटरमारित्सबर्गमध्ये तयार झाला. जेराल्ड वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे संदर्भनिष्ठ शास्त्रवाचनाची पद्धत बसवली, आणि त्यातून उजामा सेंटर उभे राहिले. पद्धत साधी आहे. उतारा मोठ्याने वाचायचा आणि पहिला प्रश्न सगळ्यांना एकच: हा उतारा कशाविषयी आहे? उत्तरे जशी येतील तशी मोठ्या कागदावर लिहायची, एकही गाळायचे नाही. मग मजकुराकडे नेणारे प्रश्न: पात्रे कोण, त्यांचे एकमेकांशी नाते काय, कोण काय करतो? शेवटी पुन्हा आपल्याकडे: आपल्या मंडळीत असे घडते का, आणि आपण काय करणार? सर्वांत जास्त वापरला गेलेला उतारा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला, तामारचा. अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर बलात्कार करतो, योनादाब त्याला युक्ती सांगतो, अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो आणि दावीद राजा रागावतो, पण करत काहीच नाही. हा उतारा रविवारच्या उपासनेत सहसा वाचला जात नाही. स्त्रियांच्या गटात तो वाचला की प्रत्येक पुरुषाने काय केले आणि काय केले नाही याची यादी आपोआप तयार होते. सेमिनरीच्या मिश्र वर्गात ही पद्धत आणखी एक काम करते. पहिल्या प्रश्नाला बरोबर-चूक असे उत्तर नसल्याने ज्ञानाची पहिली पायरी प्राध्यापकाच्या हाती राहत नाही. कोसा बोलणारी विद्यार्थिनी आणि स्टेलनबॉशचा पदवीधर एकाच कागदावर येतात. प्राध्यापकाचे ज्ञान लागते ते दुसऱ्या टप्प्यावर, आणि तिथे ते खरोखर लागते. ही पद्धत अभ्यासाची गरज संपवते असा समज करून घेणे चूक ठरेल.

वंशाची गणना काळे आणि गोरे एवढ्यावर संपत नाही, हे नातालमध्ये विशेष जाणवते. १८६०पासून गिरमिटिया म्हणून आलेल्या भारतीयांच्या वंशजांत हिंदू बहुसंख्य. पण त्यांच्यात पेंटेकॉस्टल चळवळही जोमाने वाढली. जे. एफ. रोलँड्स यांच्या पुढाकाराने १९३०च्या दशकात बहरलेली बेथेस्डा मंडळी हे त्याचे ठळक उदाहरण. तिचा प्रसार झाला तो भारतीय वस्त्यांत, भारतीय नात्यागोत्यांच्या आधारे. पुढे या वस्त्याही ग्रुप एरियाज कायद्याने भारतीय ठरवल्या. मॅकगॅव्हरन यांचा सिद्धान्त इथे यशस्वी झाला म्हणायचे की वर्णभेदाचा, हे ठरवणे सोपे नाही. भारतात ज्या प्रश्नाला जातीचे नाव आहे तो इथे वंशाच्या नावाने आला. म्हणूनच अरविंद निर्मळ यांनी १९८१मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्र ईश्वरविज्ञानाची गरज मांडली आणि पुढे दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घातला, तेव्हा कोन आणि दक्षिण आफ्रिकेची नावे त्या चर्चेत परकी वाटली नाहीत. महाराष्ट्रात तर १९७२मध्येच दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले होते.

गेल्या दोन दशकांत वर्गाचा संदर्भ पुन्हा बदलला. २०१५च्या विद्यार्थी आंदोलनांनी अभ्यासक्रमांच्या वसाहतवादी चौकटीवर उघड हल्ला केला, आणि ईश्वरविज्ञान विद्याशाखांनाही वाचनयाद्या नव्याने लिहाव्या लागल्या. त्याआधी, मे २००८मध्ये, परदेशी आफ्रिकी लोकांविरुद्ध वस्त्यांत हिंसाचार उसळला. साठहून अधिक माणसे मेली आणि हजारो बेघर झाली. जोहान्सबर्गच्या सेंट्रल मेथडिस्ट चर्चने त्या काळात झिंबाब्वेहून आलेल्या हजारांहून अधिक लोकांना आपल्या इमारतीत, जिन्यांवर आणि बाकांवर झोपायला जागा दिली. याबद्दल चर्चवर बाहेरून आणि आतूनही टीका झाली. आज दक्षिण आफ्रिकेतल्या सेमिनरींत काँगो, झिंबाब्वे, मलावीचे विद्यार्थी बसतात. त्यांच्या शेजारी ज्या वस्तीत तो हिंसाचार झाला तिथलाच एखादा विद्यार्थी असू शकतो. दोघेही कृष्णवर्णीय, दोघांना वर्णभेदाचा इतिहास पाठ. सुवार्ताप्रसाराच्या तासाला क्षेत्रकामाच्या जोड्या लावताना आता वंशाबरोबरच आणखी चार गोष्टी तपासाव्या लागतात: कोणाकडे कागदपत्रे आहेत, कोण कोणती भाषा बोलतो, कोण कोणत्या रस्त्याने परतणार आणि तिथे त्याला काय म्हणून हाक मारली जाते.